ओढ्याची ओटी

खराडीचा ओढा भर मे महिन्यात वाहू लागला, तेव्हा श्यामलाला वाटलं, कष्टांचं चीज झालं. पाण्याचा अभ्यास करून, काठावर वाळुंजाची झाडं लावून तिनेच तो जिवंत करायला घेतला होता. तिने हौसेने सरुबाईंना बोलावलं. पूर्वी काठालगत त्यांचं शेत होतं. त्यांनी खणानारळाने ओढ्याची ओटी भरली.

"सासूनं भरली हुती, त्यानंतर आजच," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

श्यामलाने ओंजळ तोंडाशी नेली. पाण्याला क्लोरीनचा वास होता. वर कुठेतरी नळाची मोठी पाइपलाइन फुटली होती.

तिने सरुबाईंना न सांगता पालिकेकडे तक्रार केली. एरवी महिनोन्‌महिने वाहणारी गळती नेमकी दुसऱ्याच दिवशी बंद झाली. कोरड्या पात्रात नारळ उघडा पडला.

सरुबाईंनी विचारलं, "ताई, माज्या हातनं काय चुकलं का वो?"