उजव्या हाताचा घास

सीताबर्डीवर गिरिधरच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर त्याने बांगड्या एका फळीवर सरकवल्या आणि उरलेल्या दुकानात काचांवर फोटो उतरवणारा कॅमेरा उभा केला. नातेवाईक म्हणाले, पोरगं बिघडलं. त्याची बायको गोपिका म्हणाली, काच ती काचच. फरक एवढाच, की बांगडी फुटली तर दुसरी भरता येते.

पुढे तीही त्या कामात शिरली. कोणी शिकवलं नाही. काचेवर उतरवलेल्या चित्रांना ती बारीक कुंचल्याने रंग भरायची आणि जादूच्या कंदिलातून ती चित्रं पांढऱ्या चादरीवर पडली, की आपलाच कुंकवाचा टिपका परातीएवढा झालेला पाहून तिला मनातल्या मनात हसू यायचं.

त्या वर्षी नागपुरात प्रदर्शन भरायचं होतं. प्रांतातल्या लोकांचं राहणं दाखवणाऱ्या सर्वांत चांगल्या चित्रमालिकेला चांदीचं पदक होतं, निवड गोरा साहेब करणार होता. गिरिधरच्या डोक्यात वैनगंगेवरच्या शिडाच्या नावा बसल्या होत्या. पावसाळा ओसरल्यावर तो पवनीला गेला, आणि नावेवरच्या बाया परक्या माणसापुढे उभ्या राहणार नाहीत म्हणून गोपिकेलाही बरोबर घेऊन गेला.

धान वाहणारी एक नाव घाटाला लागली होती. मालक मारोतराव ढिवर, त्याची बायको मनकर्णा आणि लग्नाच्या वयाचा मुलगा. तिघांचं घर तेच. फुटक्या घागरीत तुळस, मातीच्या कुंडीत वाळू घालून त्यावर चूल, आणि चुलीभोवती सारवलेली वीतभर जागा. गिरिधरने नदीचे, शिडाचे, डोलकाठीचे फोटो काढले. मनकर्णाच्या फोटोचा विषय निघाला तशी ती लुगड्याला हात पुसत पुढे आली.

"फोटू काढा, पन येक काम माह्यं करा. पोराची सोयरीक नागपूरले लावून राहिलो. शुक्रवारी नावाचा तलाव हाय, तठचे चंपतराव. आमच्याच जातीचे, पन शिंगाड्याच्या बागवाले. पोरगी पंचफुला, गुनाची हाय. सारं जमलं, पन व्याही म्हन्ते, रीतीपरमानं घर दाखवा. आता घर आज पवनीले अन् परवा वडश्याले. कुठं बोलवू त्यायले?"

"मग फोटोत दाखवायचं?" गोपिकेने विचारलं.

"तुमी नागपूरले चादरीवर दाखवनार ना? तठीच बोलावतो त्यायले. मोहल्ल्यातले लोक त्यायचे कान भरते. म्हन्ते, नावंवरच्यायले ना चूल ना चौका. कसंबी खाते, कोनत्याबी हातानं खाते."

"मग पूजा करतानाचा काढू," गिरिधर म्हणाला.

"पूजा तं चोरबी करते, दादा. जेवतानाचा काढा. घर पाहाचं असंन तं जेवताना पाहाव."

मग तिने नथ घातली, पदर नीट केला, बाप-लेकाला पानावर बसवलं आणि भाताचं ओगराळं हातात धरून वाकली. मारोतरावाने घास उचलून तोंडाशी नेला. "हालू नका," गिरिधर काळ्या कापडाखालून ओरडला. वाऱ्याने शीड फडफडलं. माणसं हालली नाहीत. फोटो झाल्यावर मारोतराव म्हणाला, "इतका येळ तोंडाशी धरलेला घास आजवर खाल्ला नाई गा." तो गारढोण झालेला घास त्याने उजव्या हाताने, हसत हसत खाल्ला.

नागपुरात गोपिकेने मनकर्णाच्या लुगड्याला हिरवा रंग दिला, नथीच्या खड्याला लाल. रंग वाळले की काचेच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा ठिपका चिकटवायचा असे. कंदिलात काच सरकवताना ठिपक्यावर अंगठा आला, की काच बरोबर बाजूने लागली. नाहीतर डावं ते उजवं होऊन बसे.

गिरिधरला मात्र या काचांमध्ये एक गोष्ट खुपत होती. काही नावा डावीकडून उजवीकडे जात होत्या, काही उजवीकडून डावीकडे.

"पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, एकच प्रवास चालू आहे," तो म्हणाला. "ज्या उलट्या जाऊन राहिल्या त्यांचा ठिपका दुसऱ्या बाजूला लाव."

जेवणाच्या चित्रामागे तुळस आणि नावेचं टोक दिसत होतं, तेही उलट्या दिशेला. गोपिकेने काच उलटी करून खिडकीपुढे धरली.

"अहो, हिची नथ उजवीकडे गेली."

"नथ पाहाले येणार आहे काय वं साहेब? शीड पाहतील."

तीही हसली. लावला ठिपका. तिची नजर नथीपाशी अडकली. नथीखालच्या हाताकडे गेलीच नाही. बांगडीवाल्याची सून असून.

प्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि पागोटेवाले, मागे सतरंजीवर बाकीचे. बायका एका बाजूला बांबूच्या चिकेच्या पडद्यामागे. मनकर्णा नवं लुगडं नेसून आली होती. तिच्या एका बाजूला गोपिका, दुसऱ्या बाजूला चंपतरावांची बायको रंभाबाई आणि त्यांच्या मोहल्ल्यातल्या चार-पाच जणी. पुरुषांच्या बाजूला मारोतराव चंपतरावांना बसायला जागा करून देत होता.

दिवे मालवले. चादरीवर वैनगंगा आली. लोकांनी "वा, वा" केलं. मग शीड आलं, भिंतीएवढं.

"हे तुमचं?" रंभाबाई म्हणाली. "किती ठिगळं वं याले!"

"ठिगळं हायेत, भोक नाई," मनकर्णा म्हणाली. बाया हसल्या. रंभाबाईही हसली. तुळस पाहून तर तिने मनकर्णाच्या गुडघ्यावर हात ठेवला. गोपिकेला वाटलं, जमलं.

मग जेवणाचं चित्र आलं.

सतरंजीवरून एक आवाज आला, "अबे, डाव्या हातानं खाऊन राहिला!" दुसरा म्हणाला, "अन् बाई पाय, वाढतेबी डाव्यानंच!" आणि सारं सभागृह हसलं. चादरीवर मारोतरावाचा डावा हात दाराएवढा मोठा होता आणि त्यात घास. मनकर्णा डाव्या हाताने भात वाढत होती आणि फार मोठं पुण्याचं काम करत असल्यासारखी हसत होती.

पुढच्या खुर्चीवरून साहेबाने मान वळवली. "ये लोग बायां हाथ से खाता है?"

गिरिधर कंदिलाजवळ उभा होता. काच उलटी आहे, एवढंच सांगायचं होतं. त्याने साहेबाकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जी हुजूर. पानी के लोग हैं. इनका रिवाज ही ऐसा है."

चिकेमागे मनकर्णाने आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. रंभाबाईने तिच्या गुडघ्यावरचा आपला हात काढून घेतला. जोरात नाही, हळूच, कोणाला कळू नये तसा. गोपिकेला कळलं. तिचे कान तापले. खिडकीपुढे धरलेली काच, नथ, आपलं ते हसणं, सगळं तिला आता चादरीवर दिसत होतं, परातीएवढं.

ती उठली. चिक बाजूला करून पुरुषांमधून चालत गेली. माना वळल्या. कोणीतरी "अवो बाई, इकडं कुठं?" म्हणालं.

"जा तिकडं," गिरिधर दातांतून पुटपुटला.

तिने कंदिलातून काच ओढली. काच तव्यासारखी तापलेली होती. अंगठा नेमका पांढऱ्या ठिपक्यावर टेकला आणि भाजला. तिने काच उलटवून परत सरकवली. चादरीवर घास उजव्या हातात आला. ओगराळं उजव्या हातात आलं. नथ डावीकडे गेली.

"काच उलटी लागली होती," ती म्हणाली. गिरिधरकडे पाहून तिने पुढचं वाक्य जोडलं, "ठिपका मी चुकीचा लावला."

"बाईच्या हातात कारभार दिला की असंच होते," मागून कोणी म्हणालं. साहेब हसला. खुर्च्या हसल्या. आणि गिरिधरही हसला. अंगठा भाजला त्याहून ते हसणं तिला जास्त लागलं.

बाहेर टांग्यांच्या गर्दीत चंपतराव मारोतरावाला सांगत होते, "दोन्ही पायले मी. येक डाव्या हाताचं, येक उजव्या हाताचं. खरं कोनतं, मी कसं सांगू? आज पलटली, उद्या पुन्हा पलटंन. काचंच्या भरवशावर पोरगी देऊ काय गा?"

"अवो, मी उजव्या हातानंच—"

"तू म्हन्तं. पन फोटूवाला तुह्या नावंवर राहून आला. त्यानंच साऱ्यायसमोर सांगतलं, रीत हाय म्हून. मोहल्ल्यातले धा लोक होते तठी. त्यायले काय सांगू?"

गोपिका मनकर्णाजवळ गेली. "मनकर्णाबाई, मी काच सरळ केली..."

"केली ना. पायली मी." मनकर्णाचा आवाज अगदी शांत होता. "काच तुमी पलटवली, बाई. तुमच्या मालकाचं बोलनं कोन पलटवंन?"

गोपिकेने भाजलेला अंगठा मुठीत झाकला.

"अन् ठिपका तुमी सोताच्या मनानं लावला काय?"

गोपिकेने खाली पाहिलं. मनकर्णाने मान हालवली आणि मारोतरावाच्या मागे चालू लागली. नवं लुगडं, उजवा हात पदरात गुंडाळलेला.

घरी आल्यावर गिरिधर खुशीत होता. पदक आपल्यालाच, असं कारकुनाने कानात सांगितलं होतं. "तू निभावून नेलंस," तो म्हणाला. "नाहीतर साहेबापुढे पंचाईतच होती." तिच्या अंगठ्याला त्यानेच चुना लावला, चिंधी बांधली.

मग तो पानावर बसला. गोपिकेने भाताचं भांडं आणलं आणि डाव्या हाताने त्याच्या पानात भात वाढला.

गिरिधर दचकून मागे सरला. "हे काय वं? डाव्या हातानं?"

"उजवा भाजला ना."

"मग चमचा दे इकडं, मी घेतो. कोणी पाहिलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, यांचा रिवाजच ऐसा है," गोपिका म्हणाली आणि वरून वरण वाढलं. तेही डाव्या हाताने.

गिरिधर पानाकडे पाहत राहिला. भातावर वरण पसरत गेलं, थंड झालं, त्यावर साय धरली. एकदा त्याने घास कालवला, उचलला, तोंडाशी नेला. तिथेच हात थांबला. मग त्याने घास पानात ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. गोपिकेलाही जेवण गेलं नाही. नवऱ्याला डाव्या हाताने वाढलं याची लाज होती, आणि त्याहून मोठी लाज होती, की हे तिला इतकं उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकान बंद केलं आणि कंदिलाची पेटी खांद्यावर घेतली. "चल," म्हणाला. कुठे, ते तिने विचारलं नाही.

तलावाकाठी शिंगाडे उकडायच्या वासात चंपतरावांचा मोहल्ला होता. मारोतराव आणि मनकर्णा निघायच्या तयारीत होते, गाठोडं बांधलेलं. गिरिधरला पाहून मनकर्णाने तोंड फिरवलं. चंपतराव म्हणाले, "आता कोनता हात दाखवाले आनला?" तरी त्यांनी आपलं पांढरं धोतर भिंतीवर बांधू दिलं. दिवस कलला. मोहल्ला जमला, काल हसलेले त्यात होतेच.

धोतरावर चित्र पडलं. घास उजव्या हातात. पण गिरिधर त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला, त्यामुळे मारोतरावाचं पान त्याच्या छातीवर आलं.

"मी काल खोटं बोललो," तो म्हणाला.

"जोरानं गा! मांगं आयकू येत नाई."

"मी खोटं बोललो. यांची अशी रीत नाही. हे उजव्या हाताने जेवतात, तुमच्याआमच्यासारखे. काच उलटी मीच लावायला लावली. नाव चांगली दिसावी म्हणून. आणि साहेबापुढे चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून यांच्यावर ढकललं."

"अन् मंग बायकोवरबी ढकललं," एक म्हातारी म्हणाली. "लाज काल वाटाची होती, बापा. आज काहून वाटून राहिली?"

कोणी हसलं नाही. सगळे चित्र सोडून गिरिधरकडे पाहत होते. प्रदर्शनाचा एक पट्टेवाला त्याच मोहल्ल्यात राहायचा. तोही उभा होता. साहेबाच्या कानावर उद्या हे जाणार, हे गिरिधरला दिसत होतं. तो तसाच उभा राहिला, कपाळावर दुसऱ्याच्या घराची तुळस घेऊन. गोपिका कंदिलाजवळ होती. तिला दिवा विझवावासा वाटला, आणि तिने विझवला नाही.

शेवटी चंपतरावांनी मारोतरावाला विचारलं, "नाव पवनीले कधी लागंन?"

"संक्रांतीच्या आंगंमांगं."

"मंग येतो आमी. सोताच्या डोयानं पाहू. जेवूनच येऊ."

रंभाबाई पुढे झाली. मनकर्णाचा उजवा हात अजून पदरातच होता. तिने तो ओढून बाहेर काढला आणि त्यावर उकडलेले शिंगाडे ठेवले.

"या, इहीनबाई," मनकर्णा म्हणाली. "भात वाढीन पोटभर. फक्त फोटूवाल्याले संगं आनू नका."

मोहल्ला खदखदून हसला. गिरिधरने हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तो कंदील पेटीत भरू लागला. मनकर्णाने गोपिकेकडे एकदा पाहिलं. रागाने नाही, पण शिंगाडेही पुढे केले नाहीत.

तलावाच्या बांधावरून दोघं परतले. तो पुढे पेटी घेऊन, ती मागे, काचा पोटाशी धरून. बर्डीच्या वळणावर तो थांबला.

"अंगठा दुखून राहिला काय?"

"हो," गोपिका म्हणाली. "दुखते."