सदरावरचा चेहरा

मी एक जुना जस्ताचा ब्लॉक आहे. वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर पूर्वी असा ठसा लागे. माझ्यावर एका सदरकारांचा चेहरा आहे: जाड चष्मा आणि वर चढवलेली एक भुवई. मित्रांनो, ती भुवई त्यांनी फोटोपुरती चढवली होती, पण पुढे जन्मभर त्यांना ती उतरवता आली नाही.

दर रविवारी मी त्यांच्या लेखावर छापला जाई. लोक त्यांना 'वस्तरा' म्हणत. निम्मे शहर त्यांच्यावर जीव टाकी, निम्मे त्यांच्या नावाने बोटे मोडी. कुणी माझी कात्रणे जपली, कुणी मला मिशा काढल्या, एकदा तर भर चौकात मला जाळले. मला सगळ्याचाच अभिमान वाटे. अक्कल कुठे होती तेव्हा?

एका रविवारी त्यांनी लिहिले, की एका परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे रुग्णालयात बाळ दगावले. नाव त्यांनी तिथल्या भिंतीवरच्या कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यावरून टिपले होते. तक्ता मात्र पुढच्या आठवड्याचा होता. ती बाई त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी होती.

तिची नोकरी गेली. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. ती छापखान्यात आली आणि फोरमनसमोर उभी राहिली.

"दादा, चूक झाली असं छापा. पण यांच्या फोटोखाली छापा. लोक फोटो बघून वाचतात."

फोरमनला वाईट वाटले, पण फोटो फक्त सदराला, हा तिथला नियम. खुलासा तीन ओळींत उरकला, आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली. कुणाच्याच नजरेस तो पडला नाही.

आपली चूक सदरकारांच्या मनाला लागली होती. त्यांनी माफीचा लेख लिहिला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळले, वर मी बसलो. तेवढ्यात संपादक आले. "अहो, लोक वस्तरा बघायला अंक घेतात. हे रडगाणं कशाला?" सदरकारांनी मुकाट्याने दुसरा लेख दिला. अडून बसता आले असते. बसले नाहीत. भित्रे होते ते, मित्रांनो. मी त्यांचाच चेहरा घेऊन जगलो, म्हणून खात्रीने सांगतो.

बऱ्याच वर्षांनी ते वारले तेव्हा अख्खे पान निघाले, 'निर्भीड लेखणी विसावली', आणि मधोमध मी. त्याच दिवशी ती बाई पुन्हा आली. केस पिकले होते.

"ताई, आता माफी मागणार कोण?" फोरमन म्हणाला.

"माफी राहू द्या. नुसतं एवढं छापा, की त्या दिवशी मी घरी होते."

"गेलेल्या माणसाच्या फोटोखाली असं छापत नाहीत हो."

ती जिना उतरून गेली.

आता ब्लॉक कुणी वापरत नाही. मी खणात काळवंडतो आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. खुशाल वितळवा. पण त्याआधी एकदा मला शाई लावा आणि खाली ती एक ओळ छापा. एकच प्रत काढा. तीही घ्यायला आता ती बाई उरलेली नाही.