मातकट पक्षी

"तो बघा, बगळा! कसा डोळे मिटून बसलाय लबाड," काका म्हणाले आणि दलदलीत रोवलेल्या एका खुंटाकडे त्यांनी बोट केलं.

सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. खुंटाला सिमेंटचं फाटकं पोतं अडकलं होतं आणि खाऱ्या वाऱ्यावर हळूहळू हलत होतं.

"काका, ते पोतं आहे," शाळेतल्या बाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी हसू दाबलं. बाकीच्यांना ते जमलं नाही.

काकांची बायको सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नेमका कोणावर, ते तिचं तिलाच कळेना.

"उडाला तो. तुम्ही बघेपर्यंत थांबतोय कशाला?" तिने ठणकावून सांगितलं. पण एवढा मोठा बगळा उडताना कोणालाच दिसला नव्हता.

काका पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर पंप चालवायचे. तिथे उभ्या नोकरीत त्यांना कोणी काही विचारलं नाही. पण पाऊस सरून हवा कोरडी झाली, दूरदेशीचे पक्षी खाडीत उतरू लागले, की रविवारी हौशी मंडळी त्यांच्यामागून या बांधावर यायची. काकांनी हात वर केला की सगळे श्वास रोखून थांबायचे. बायको मात्र कधी आली नव्हती. ती शाळेचे गणवेश शिवायची. रविवार म्हणजे तिचा काजं-बटणांचा दिवस.

यंदा ती आली होती, कारण काकांच्या डोळ्यांचा पडदा झिजला होता. "कडेकडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. "एवढा हंगाम जाऊ दे. तोवर कुठे बोलायचं नाही," काकांनी तिला बजावलं होतं.

"तुम्ही व्हा पुढे, मी जरा टेकतो," काका मंडळींना म्हणाले. बँकेतला कारकून सगळ्यांना घेऊन खाडीच्या तोंडाकडे गेला.

"झालं समाधान?" ती शेजारी बसत म्हणाली. "किती सांगितलं, नका जाऊ. ऐकाल तर शपथ!"

"मग हळूच सांगायचंस ना, पोतं आहे म्हणून. आणलंय कशाला तुला?"

"मी काय तुमच्या खिशात बसले होते?"

काकांनी एकदम हात वर केला. समोरच्या चिखलातून बारीक शीळ आली.

"काय आहे गं?"

"पक्षी."

"पक्षीच असणार! कसला?"

"मातकट."

"अगं, इथले सगळेच मातकट असतात! पाय कसे आहेत?"

"चिखलात आहेत."

"चोच बघ मग. सरळ की वाकडी?"

"वाकडी. खाली... नाही, वर वळलीय. एका जागी थांबेल तर ना मेला!"

"खाली की वर? नीट बघ की जरा."

"मला नाही कळत!" ती ओरडलीच. "सगळा जन्म कापड बेतण्यात गेला. आता म्हातारपणी चोची बघत बसू?"

पक्षी भुर्रकन उडाला. काका त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. ती चडफडतच म्हणाली, "पाठीवर पांढरा पट्टा होता."

"असेल," काका म्हणाले. पक्ष्याचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात मंडळी धावतपळत परत आली. "काका, भोवत्या! अगदी डोक्यावरून गेला हो!" कारकुनाने त्या शिकारी पक्ष्याचा फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि मान थोडी बाजूला वळवली.

"वा! मादी दिसतेय."

"नर आहे, काका." कारकुनाचा आवाज खाली आला. तो क्षणभर त्यांच्या वळलेल्या मानेकडे बघत राहिला, मग त्याने फोन अलगद परत घेतला. "पुढच्या रविवारी तुम्ही आराम करा हवं तर. वाट पाठ झालीय मला. मी सांभाळीन सगळं."

बायकोने काकांकडे पाहिलं. घरी चहात साखर कमी पडली तर हा माणूस अर्धा दिवस हुज्जत घालायचा. आता तरी काहीतरी बोला, असं तिला त्यांना गदागदा हलवून सांगावंसं वाटलं.

"हो, सांभाळ," काका म्हणाले. "चला, भरती लागली. पाणी चढायच्या आत निघू."

ते उठले आणि सवयीने सगळ्यांच्या पुढे झाले. कारकून त्यांच्या पुढे जायला सरसावला होता, पण थबकला आणि त्याने बायकोला आधी जाऊ दिलं. बांध अरुंद होता, जागोजागी ढासळलेला. काका पायाने चाचपत चालले होते, पण चाल मोडू देत नव्हते. त्यांच्या पाठीमागे हात पुढे धरून, स्पर्श होणार नाही अशा बेताने ती चालत होती.

एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला. तिने शर्ट घट्ट पकडला.

"दिसतंय मला," मागे न वळता काका म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?"

तिने शर्ट सोडला. हात मात्र खाली घेतला नाही.