उजेडातली शिवण

"तुम्ही जाणार आहात की नाही, तेवढं एकदा सांगा."

कुणाच्या तरी पॅंटचे पाय आखूड करायचे होते. त्याला हे टाचण्या लावत बसले होते आणि उरलेल्या टाचण्या ओठांत धरल्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की आमच्या ह्यांना बोलता येत नाही, हे खरं. पण बोलायचं नसलं की टाचण्या आपोआप तोंडात जातात, हेही मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

"आधी त्या टाचण्या काढा."

त्यांनी एकेक काढून टाचण्यांच्या उशीत खोचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "अगं, पण मी तिथे जाऊन करू काय? ते तुमचं रंगबिंग, कागदबिगद. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"सांगाडा मी केलाय. नुसता कागद लावायचाय."

"नुसता म्हणे!"

मी पलंगावर पडून बोलत होते. थंडी सुरू होता होता लायब्ररीच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायला लागले. पण आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याचं नाव काढलं तर डॉक्टर नुसती मान हलवायचे. माझ्यापाशी कुणीतरी हवं म्हणून हे दुकान बंद ठेवायला तयार झाले, पण हाताला काम नसलं की ह्यांचा जीव कासावीस होतो. शेवटी शिलाई मशीनच घरी आणलं आणि खिडकीशी ठेवलं. घरात उजेड काय तो तिथेच.

लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये दर बुधवारी वर्ग भरतो. कुणीही यावं, माती असेल तर माती, छापे असतील तर छापे, जे चाललं असेल ते करावं. बेकरीच्या काउंटरवरची माझी नोकरी संपली तेव्हा घर खायला उठायचं, म्हणून मी जायला लागले आणि तिथलीच झाले. शिकवणारी मुलगी मोठी गोड. केसांचं नुसतं टोपलं, त्यात कधी रंग तर कधी खळ. आम्ही तिला तोंडावर झिपरी म्हणतो आणि ती हसून ओ देते.

ऐन थंडीत तळ्याकाठच्या बागेत कलामेळा भरतो. झाडांखाली चित्रं मांडतात, गवतावर मातीची शिल्पं ठेवतात, लोक कानटोप्या घालून हिंडतात. शेवटच्या संध्याकाळी आमच्या वर्गाची कंदिलांची मिरवणूक निघते. वेताच्या काड्यांचा सांगाडा, वरून पातळ पांढरा कागद, आत बॅटरीचा दिवा आणि खाली उंच काठी. ज्यानं कंदील केला त्यानं तो धरून चालायचं. हॉलपासून निघून मिरवणूक आमच्या इमारतीखालून वळते आणि बागेत जाते.

दरवर्षी इमारतीखाली आले की मी वर बघायची. आमची खिडकी काळोखी असायची. हे दुकानात कुणाच्या तरी जॅकेटला चेन बसवत असायचे. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असायचा, त्यांचं तरी काय चुकलं? पण घरी आल्यावर, कसं दिसत होतं हो, असं विचारायला कुणी नसायचं. मी कधी बोलून दाखवलं नाही. वाईट मात्र वाटायचं.

यंदा झिपरीनं ठरवलं होतं की सगळ्यांनी एकच करायचं, करकोचे. एका मापाचे, एका रंगाचे, म्हणजे अंधारात थवा उडाल्यासारखा दिसेल. माझा सांगाडा बांधून तयार होता आणि तेवढ्यात मी पडले. कागद न लागलेले सांगाडे मेळ्याआधी मोडून त्यांचा वेत पुढच्या वर्षाला ठेवतात. माझा करकोचा मोडणार, या विचारानं मला खुब्यापेक्षा जास्त दुखायला लागलं होतं.

"अहो, दरवर्षी मी खाली असते," मी म्हटलं. "यंदा तुम्ही खाली चाला. मी खिडकीतून बघेन."

ह्यांनी पॅंट बाजूला ठेवली. मग उठून कोट शोधायला लागले.

हॉलमध्ये काय घडलं ते मला खालच्या मजल्यावरच्या नर्सकडून कळायचं. ती माझ्याच वर्गातली. ड्यूटीवरून येताना माझ्या गोळ्या बघायची आणि गोळ्यांबरोबर बातम्याही द्यायची.

"वहिनी, भाऊंनी आल्या आल्या काय केलं असेल? टेप काढली! करकोच्याचं माप घेतलं. छाती, मान, पंख, सगळं. आणि झिपरीला विचारतात, मॅडम, पंखात सैल ठेवायचं का अंगासरसं?"

मला हसू आवरेना आणि हसलं की खुबा दुखायचा.

"हसवू नकोस गं."

"अहो, ऐका तर. कागद फाडायला तयारच नाहीत. कात्रीशिवाय हात लावत नाहीत."

आमची रीत अशी की कागद हातानं फाडायचा, एका तुकड्याची कड दुसऱ्यावर जेमतेम चढवायची, खळीचा हात फिरवायचा आणि पुढे जायचं. कड मोकळी राहिली तरी चालते. पण ह्यांना मोकळी कड म्हणजे चारचौघांत आंघोळ करण्यासारखं. त्यांनी प्रत्येक तुकडा बेतून कापला, दोन्ही कडा चांगल्या दोन बोटं आत दुमडल्या, नखानं दाबल्या आणि मग चिकटवल्या.

"काका, दुमडू नका हो, तसाच चिकटवा," झिपरीनं सांगून बघितलं.

"मॅडम, कड उघडी राहिली की धागे सुटतात."

"काका, कागदाला धागे नसतात!"

"हो, तेही बरोबर आहे," हे म्हणाले आणि पुढची कड दुमडली.

शिंपी माणूस. कपड्याच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. उद्या गिऱ्हाइकाचं अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं. करकोच्याचं अंग कुठे सुटणार होतं, देव जाणे.

पण एक सांगते, ते दिवस फार छान गेले. हे बुधवारी तर जायचेच, मेळ्यासाठी हॉल शुक्रवारीही उघडा असायचा, मग तेव्हाही जायला लागले. नखांत खळ घेऊन यायचे. एरवी दुकानातून आल्यावर जेवायला काय आहे याच्यापलीकडे बोलणं नसायचं, आता जिन्यातूनच सुरुवात. "आज मान झाली." "चोच त्रास देतेय, पण बसवतो." "तुमची ती झिपरी हुशार आहे हां, फक्त तिला कात्री धरता येत नाही." मी पडल्या पडल्या ऐकायची आणि मला वाटायचं, हाड मोडलं ते अगदीच काही वाया गेलं नाही.

आणि करकोचा खरंच देखणा झाला होता. नर्स म्हणाली, आजूबाजूचे उठून बघायला येतात. कुठे सुरकुती नाही, कुठे कड दिसत नाही, जणू एकाच कागदाचा. हे सगळं मी ह्यांना ऐकवलं तेव्हा ह्यांनी लगेच तोंडात टाचण्या धरल्या. पण डोळे हसत होते.

मेळ्याआधीच्या बुधवारी हे हॉलमधून आले, जेवले. मग मशीन उघडून त्याला तेल द्यायला बसले. ह्यांचं काही बिनसलं की मशीनला तेल मिळतं. थोड्या वेळानं माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "यंदा मिरवणूक आपल्या बाजूनं नाहीये म्हणे. तळ्याकडून जाणार आहे. तू उगाच खिडकीत बसू नकोस, थंडी बाधेल."

त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत ह्यांना एक धड थाप मारता आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सला खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या बुधवारी झिपरीनं हॉलचे पडदे ओढले आणि प्रत्येकाच्या करकोच्यात दिवा लावून बघितला. सगळे पांढरेशुभ्र उजळले. ह्यांच्या करकोच्यात दिवा लावला आणि जिथे जिथे कागद दुमडलेला होता तिथे तिथे काळे पट्टे उमटले. छातीवर, पंखांवर, मानेवर. दिवसा जे आत लपवलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"कुणीतरी म्हणालं, ह्या करकोच्यानं पायजमा घातलाय," नर्स म्हणाली. "सगळे हसले. वाईट मनानं नाही हो, वहिनी. भाऊसुद्धा हसले."

"आणि झिपरी?"

"ती म्हणाली, काका, छान दिसतोय, असाच राहू दे. पण परत येताना भाऊ मला म्हणतात, खांदा वाकडा असलेल्या गिऱ्हाइकाला मीपण असंच सांगतो. आणि तुमच्याबद्दल म्हणाले, तिनं इतकं खपून सांगाडा बांधला आणि मी त्याची वाट लावली. नवीन कागद लावावा तर या थंडीत शनिवारपर्यंत खळ वाळायची नाही. त्यांनी झिपरीला सांगून सगळ्यात शेवटची जागा मागून घेतलीय. पलीकडच्या फुटपाथनं, झाडांखालून."

"मिरवणूक जाणार आहे ना इथूनच?"

"इथूनच. दरवर्षीसारखी."

मला ह्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कणव आली. या माणसानं जन्मभर लोकांच्या कपड्यांची आतली बाजू नीट केली. पॅंटची दुमड बघून कधी कुणी वाहवा केली नाही आणि ह्यांनी तशी अपेक्षाही केली नाही. आता पहिल्यांदाच चार लोकांनी कौतुक केलं होतं, तेही दिवा लागेपर्यंतच टिकलं. त्यांना काही बोलावं तर हे तोंडात टाचण्या धरणार. म्हणून मीही काही बोलले नाही.

शनिवारी दुपारी हे निघाले. दारातून परत आले, खिडकी नीट लागलीय का बघितलं, मशीन खिडकीला अगदी टेकवून ठेवलं. "पडून रहा हां," म्हणाले. मी बरं म्हटलं.

ते जिना उतरले असतील नसतील, तोवर नर्स वर आली. भल्याभल्यांना उचलून पलंगावर घेणारी बाई ती, लोखंडी पायांचं ते मशीन तिनं एकटीनं ढकलत आतल्या भिंतीपाशी नेलं. खिडकीत खुर्ची ठेवली, मला बसवलं, गुडघ्यावर ब्लॅंकेट टाकलं. मशीनवरचा दिवा काढून मी तिला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लावला.

"तुमच्याच डोळ्यांवर येईल ना," ती म्हणाली.

"येऊ दे."

मग तिचा करकोचा धरायला ती पळाली.

अंधार पडला आणि कोपऱ्यावरून बिगुल ऐकू आला. खालची माणसं बाजूला सरली. एकामागून एक करकोचे आले, पांढरे, संथ, काठ्यांवर डोलत. थवा कसला सुंदर दिसत होता! नर्सनं हात हलवला म्हणून तिचा ओळखू आला, नाहीतर एकही वेगळा काढता आला नसता. एकेक काडी मी हातानं वाकवलेली, वाटलं होतं आपला सांगाडा आपल्याला कळेलच. कसलं काय. वरून सगळे सारखे.

थवा वळणावरून पुढे गेला. रस्ता मोकळा झाला. मग पलीकडच्या फुटपाथवर, झाडांच्या खाली, एक दिवा हलला.

मी लगेच ओळखला. मानेवर जवळजवळ घेतलेल्या बारीक रेघा, पंखांवर लांब सरळ रेघा, छातीच्या मधोमध एक उभी. एकही रेघ वाकडी नव्हती. माझ्या प्रत्येक ब्लाउजच्या आतून मी ज्या शिवणी बघत आले, त्या तिथे रस्त्यावर उजळून चालल्या होत्या. माझे डोळे भरून आले. किती वेड्यासारखं, पण आले.

हे मान खाली घालून, काठी खाली धरून चालले होते. वळणाशी आले आणि त्यांनी वर बघितलं. मी दरवर्षी बघायची तसंच. खिडकी काळोखी असणार असं धरूनच बघितलं असेल. दिवा दिसला तसे जागच्या जागी थांबले.

पुढचा थवा लांब जात होता. हे फुटपाथवरून उतरले, रस्ता ओलांडून बरोबर आमच्या खिडकीखाली आले आणि काठी दोन्ही हातांनी जितकी वर जाईल तितकी वर धरली. काठी डुलत होती, म्हणून पंख हलत होते. मी हात हलवला. त्यांना हात हलवता येत नव्हता, काठी धरलेली होती. तसेच उभे राहिले बराच वेळ. मग घाईघाईनं मिरवणूक गाठायला गेले.

घरी आले तेव्हा नाक लाल झालं होतं. मशीनकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"नर्सचं काम ना हे?"

"हो."

बूट काढता काढता विचारलं, "पट्टे फार दिसत होते का गं?"

"फार."

"एवढ्या वरूनसुद्धा?"

"नाहीतर मी कशावरून ओळखलं असतं? बाकीचे सगळे सारखेच होते. तुमची शिवण मला कळणार नाही होय?"

त्यांचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला. मग तसाच मागे आला. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, चहा काही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, मशीन परत खिडकीत जाईल. हे उठले, कट्ट्यावरचा दिवा काढून मशीनवर लावला आणि तिथे आतल्या भिंतीपाशीच बसले. सुईत दोरा ओवायला लागले. एकदा चुकला, दोनदा चुकला.

"अहो, तिथे उजेड पुरणार नाही तुम्हाला."

"दिव्यानं भागतंय की," हे म्हणाले. दोरा ओवला गेला. "तू खिडकीत बस. खालचं दिसतं तुला."

मी अजून चार मजले उतरू शकत नाही. खुर्ची तिथेच आहे.