गाडीला लागलेली सवय

खुंटीवरून काढताना गाडीची किल्ली खणकली आणि तीन महिने गप्प बसलेलं घर दचकलं. चिमणी आतून धावत आली, तीही बूट घालून. किल्ली वाजली की बाबा निघाले, हे तिच्या पाच वर्षांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"आजोबांनी घेतलीय गं," आई म्हणाली आणि तिच्या बुटाची नाडी बांधत बसली.

उद्यापासून आईची नोकरी सुरू होणार होती. शाळा एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या. गाडीवाचून भागणार नव्हतं. आणि गाडी तर काळा धूर ओकत होती, चढावर आचके देत होती.

तिचे सासरे, अण्णा, म्हणजे उभा जन्म गॅरेजात गेलेला माणूस. किल्ली फिरवून ते मीटरवरच्या चांदणीच्या स्टिकरकडे बघत राहिले. "इंजिनचा दिवा लागला म्हणून त्यावर स्टिकर चिकटवतो! मेकॅनिकच्या पोटी जन्मून! गाढव कुठला." आणि त्यांनी जीभ चावली. छातीत दुखायचं तेव्हाही तिचा नवरा असंच 'होईल गं बरं' म्हणायचा.

स्कॅनर जोडला. दोष निघाला ऑक्सिजन सेन्सरमध्ये.

"हे गाडीचं नाक," अण्णा नातीला म्हणाले. "धुराचा वास घेतं आणि पेट्रोल किती द्यायचं ते सांगतं."

"मग सर्दी झालीय?"

"चांगलीच."

चांगल्या सेन्सरची रेघ सारखी वर-खाली नाचते. इथे ती सरळ आडवी पडली होती. अण्णांनी स्क्रीन पटकन स्वतःकडे वळवला. दवाखान्यात तशी रेघ त्यांनी आणि सुनेने, दोघांनीही पाहिली होती.

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी धुराच्या पाइपवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे नाहीत, म्हणजे गळती नाही. वायर शाबूत. मग गंजलेल्या सेन्सरवर तेल सोडलं, लांब पान्याला सासऱ्या-सुनेने मिळून जोर लावला, तेव्हा कुठे तो निघाला. काळाठिक्कर.

नवा बसला. "आता गाडीची जुनी मेमरी पुसायची," अण्णा म्हणाले. "रोज जशी चालवली, तसं पेट्रोलचं माप हिने मनात धरलंय. ते पुसलं की हिची पाटी कोरी. पहिल्यापासून शिकेल."

"आधी कोणी शिकवलं होतं?" चिमणीने विचारलं.

"तुझ्या बाबाने. दुसरं कोण चालवत होतं?"

बोलून गेले आणि त्यांचं बोट बटणावरच अडलं. त्यांनी स्कॅनर सुनेपुढे धरला. "तूच दाब."

"अण्णा, तुम्हीच..."

"नाही गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

पायरीवर उद्याचं दप्तर भरून ठेवलेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. मग किल्ली फिरवली.

इंजिन आधी अडखळलं, मग एका लयीत चालू लागलं. तिने चांदणीचा कोपरा उचलून पाहिलं. दिवा विझला होता. अण्णा हात पुसायच्या फडक्यानेच तोंड पुसत होते. काजळी गालभर पसरली.

चिमणीने स्टिअरिंगवर तळहात ठेवला.

"आई, म्हणजे आता गाडी बाबांना विसरली?"