मागे उभा राहणारा

"ये... ये... अजून ये, मास्तर! नव्या नवरीसारखा लाजतोस काय!"

माझ्या बहिणीचा नवरा मेत्रो ट्रेलरच्या मागे हात वर करून उभा होता. तीस वर्षं ती जागा माझी होती. पिकअप तो चालवायचा, मागे जोडलेला ट्रेलर म्हणजे आमचं सुट्टीतलं चाकांवरचं घर. तळ्याकाठी पोचलो की काखेत पुस्तक धरून मी मागे उभा राहायचो आणि ट्रेलर जागेवर घ्यायला हात दाखवायचो. हात वर आहे तोवर यायचं, मूठ मिटली की थांबायचं. मेत्रो आरशात बघायचाही नाही. "मागे मेहुणा उभा आहे, मग आरसा कशाला?" म्हणायचा.

या वसंतात त्याचं लायसन्स गेलं. काचबिंदू; समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. परवाना कार्यालयाला कुणीतरी निनावी पत्र पाठवलं, त्यांनी डोळे तपासायला बोलावलं आणि कार्ड ठेवून घेतलं.

ते पत्र माझं होतं. आदल्या शरदात भर दुपारी बाजूनं रस्त्यावर आलेलं हरीण त्याला दिसलं नव्हतं. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचलो. तेच लिहिलं. त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. पण शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेलेला माणूस मी, बोलायची वेळ आली की कागद शोधतो. तीन खर्डे केले. सही एकाही खाली केली नाही.

आज सकाळपासून मी चालवत होतो. दोन्हीकडे मोहरीसारखी पिवळी फुललेली कनोलाची शेतं, आडवा वारा, मागे डुलणारा ट्रेलर. माझी बहीण ओल्हा आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर बटाटा भरून उकडलेल्या पिरोह्यांचा डबा घेऊन.

"ओल्हा, तळं येईपर्यंत पिरोह्या आंबतील गं," मेत्रो म्हणाला. "मघाशी एक ट्रॅक्टर आपल्याला मागे टाकून गेला."

"गप बसा हो. दादा, तू चालव तुझ्या गतीनं."

"मी कुठे काय म्हणतोय? ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढून नमस्कार केला, एवढंच सांगतोय."

मी हसलो. त्याने थट्टा केली की मला जास्तच लागायचं.

आता तो मागे उभा होता आणि हात वर होता. उजव्या आरशात मला पॉपलरचं झाड स्वच्छ दिसत होतं. हातभर अंतर. मग वीतभर. मेत्रोचा हात वरच. शेजारच्या तंबूतली माणसं खुर्च्या वळवून बघत बसली होती. ओल्हा उतरून बाजूला उभी. मी ब्रेक दाबला असता तर मेत्रोला झाड दिसत नाही हे सगळ्यांना कळलं असतं.

मी ब्रेक दाबला नाही.

पत्रा चेपल्याचा आवाज झाला. शेजारी कुणीतरी शीळ घातली.

"माझंच चुकलं," मी उतरून मोठ्याने म्हणालो. "स्टिअरिंग भलतीकडे फिरवलं."

"अरे दादा!" ओल्हा कपाळाला हात लावून फडकं आणायला ट्रेलरमध्ये गेली.

मेत्रो चेपलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवत राहिला. मग झाडाच्या सालीवरून.

"आरशात झाड दिसत नव्हतं तुला?"

"नाही."

"हं." तो तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. "ऑफिसातल्या बाईनं मला ते पत्र वाचून दाखवलं होतं. सुरेख लिहिलंय. हरणाच्या वेळी गाडीत आपण दोघंच होतो, मास्तर."

मी नकळत खिसा चाचपला. कागद जवळ नव्हता.

"मेत्रो, मी..."

"ओल्हाला माहीत नाही. सांगूही नकोस." त्याने हात पँटला पुसले. "गाडी पुढे घे. पुन्हा लावू. आणि या वेळी मी मूठ मिटली नाही, तरी थांब."

मी गाडी पुढे घेतली. आरशात पाहिलं. मेत्रो पुन्हा जागेवर उभा राहिला होता, ताठ, हात वर करून. तोंड मात्र माझ्याकडे नव्हतं, थोडं बाजूला, झाडाकडे होतं.