डावीकडचा स्पीकर

प्रीअँप आणि अँप ही दोन वेगळी खोकी असतात, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. पहिलं खोकं गाणं नीटनेटकं करून पुढे देतं, दुसरं त्यात जोर भरून स्पीकरला पोचवतं. दोघांचं जमलं तर गाणं, नाही तर डोकेदुखी.

आमचं दोघांचं मात्र दोन वर्षांपासून बिनसलं होतं. मी बोलायची आणि हे ढिम्म! लाकूड कापायच्या यंत्रावर जन्म काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर तरी चार गप्पा मारेल असं वाटलं होतं. यांनी स्टिरिओचं खूळ घेतलं. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. शेवटी मनाशी ठरवलं, हे खूळ एकदा मार्गी लागलं की आपण लेकीकडे राहायला जायचं, आणि तेही कायमचं.

पण मार्गी लागेल तर ना! यांनी दोन प्रीअँप आणून परत केले. तक्रार एकच, डावीकडचा स्पीकर दबका वाजतो.

दुकानदार बिचारा समजवायचा, "दादा, तुमचे प्रीअँप आणि अँप दोघेही जोरकस. बटण जरा फिरवलं की घर दणाणतं, म्हणून तुम्ही ते अगदी सुरुवातीला ठेवता. तिथे दोन बाजू सारख्या येत नाहीत. सौम्य प्रीअँप घ्या, जोडी जमेल."

लेकीचं लग्न ठरवतानाही यांनी एवढी चिकित्सा केली नव्हती.

रविवारी दुकानदार स्वतःच तिसरा प्रीअँप घेऊन घरी आला. बटण मध्यावर नेऊन त्याने गाणं लावलं. मला दोन्हीकडून झकास ऐकू येत होतं.

"डावीकडचा, तो दाराजवळचा, अजून दबकाच," हे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "अहो, मग स्पीकरकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून ऐका!"

यांनी खरंच खुर्ची फिरवली. "अरेच्चा! दाराजवळचा खणखणीत झाला. आता खिडकीजवळचा दबका."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. यांनी उजव्या कानावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. चेहरा पार उतरला. "खोक्यात बिघाड नाही गं. माझा डावा कान गेलाय."

जेवताना मी यांच्या डावीकडे बसते. सोफ्यावरही डावीकडेच.

"म्हणजे इतके दिवस मी बोलत होते, ते..."

"तू बोलत होतीस?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "मला वाटलं, तू माझ्याशी बोलणंच टाकलंस. घर खायला उठायचं, म्हणून तर हे गाण्याचं काढलं."

मला भरून आलं. दुकानदाराने घाईघाईने चपला घातल्या. "आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या, वहिनी. प्रीअँप तोवर राहू दे."

तो गेल्यावर मी माझी खुर्ची ओढून यांच्या उजवीकडे आणली आणि दोन वर्षांचं साठलेलं बोलायला घेतलं. तिसऱ्याच वाक्याला हे उसळले, "साफ खोटं! असं मी कधीच वागलो नाही!"

मग जेवण गार होईपर्यंत आम्ही मनसोक्त भांडलो.